बेटावरचा शेवटचा दिवस मोकळा ठेवा

पुण्यातून अंदमानला निघालेल्या माणसाला समुद्र पाहायचा असतोच, पण त्याच्या मनात पहिला असतो तो सेल्युलर जेल. फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली, 1905 साली याच शहरात पेटलेली विदेशी कपड्यांची होळी, 6 जानेवारी 1924 रोजी येरवड्याच्या तुरुंगातून झालेली सुटका, हे सगळे ऐकत मोठी झालेली पिढी अंदमानची सहल यात्रेसारखी ठरवते. दिवाळीची सुट्टी लागली, की लोहगाव विमानतळावर अशा गटांची लगबग दिसते. कोणी चेन्नईमार्गे जाते, कोणी बंगळुरू किंवा कोलकात्याहून. गटात नातवंडे असतात, त्यांचे आईबाबा असतात आणि बहुतेक वेळा ज्यांच्या हट्टापायी ही सहल ठरली, ते आजी-आजोबाही असतात.

अशाच एका गटाबरोबर प्रस्तुत लेखक अंदमानला गेला होता. गटात नारायण पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी जरा त्रासलेल्या, पण उत्साहाने कोणालाही मागे टाकणाऱ्या. दुसऱ्या दिवसापासून सगळा गट त्यांना ‘बाई’च म्हणू लागला. सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ त्यांनी कितीदा वाचले असेल त्याची गणती नव्हती. बाबाराव आणि तात्याराव सावरकर हे दोघे भाऊ एकाच तुरुंगात असून कित्येक दिवस एकमेकांना दिसले नव्हते, हे सांगताना त्यांचा आवाज बदलत असे.

आयोजकाने आखलेला कार्यक्रम कागदावर नीटनेटका होता. विमानातून उतरायचे, तडक धक्क्यावर जाऊन स्वराज द्वीपची बोट पकडायची, तिथले किनारे, मग शहीद द्वीप, आणि शेवटच्या दिवशी दुपारच्या विमानाआधी ‘शहरदर्शन’. सेल्युलर जेल या शहरदर्शनात होता. अशा आखणीत हॉटेलचा एक मुक्काम वाचतो आणि गाडी एकाच दिवसापुरती लागते. आयोजकाच्या दृष्टीने हिशेब सोपा असतो.

परतीच्या आदल्या दिवशी सकाळपासून वारा चढला. गट जेट्टीवर पोहोचला तेव्हा तिकीटखिडकीपुढे गर्दी होती आणि कोणीच पुढे सरकत नव्हते. बॅगांवर बसलेली माणसे, पोरांच्या हातात चिप्सची पाकिटे, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न. थोड्या वेळाने दुपारच्या फेऱ्या रद्द झाल्याचे कळले. कोकणात तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार होड्या बंदरात आणतात, तसाच हा निर्णय. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. टूर मॅनेजर धावपळ करून मुक्कामाची सोय लावून आला आणि म्हणाला, “बाई, काळजी करू नका. उद्या पहिल्या बोटीने निघू. जेल होईल.”

दुसऱ्या दिवशी बोट सुटली, पण उशिरा. शहरात पोहोचेपर्यंत मध्यान्ह टळत आली होती. गाडी जेलपाशी आली तेव्हा दुपारची बंद होण्याची वेळ झाली होती, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत थांबले असते तर विमान चुकले असते. दोन बुरुजांमधले ते प्रवेशद्वार बाईंनी रस्त्यावरून पाहिले आणि गाडी विमानतळाकडे वळली. चेन्नईच्या विमानात त्या एवढेच म्हणाल्या, “समुद्र मी गणपतीपुळ्यालाही पाहिला असता.”

बाईंच्या वाट्याला आले ते टाळता येण्यासारखे होते, म्हणून ते इथे सांगायचे. वारा कोणाच्या हाती नसतो, पण दिवसांचा क्रम आपल्या हाती असतो. बेटावरच्या सहलीत ज्या गोष्टीसाठी आपण आलो, ती पहिल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पाहून घ्यावी. मुख्य शहरात परतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे. आणि शेवटच्या दिवसाच्या वाट्याला फक्त अशाच गोष्टी ठेवाव्यात, ज्या राहून गेल्या तरी घरी आल्यावर हळहळ वाटणार नाही.

पुण्याहून नाशिकला जाताना एखादी एसटी चुकली तर तासाभरात दुसरी मिळते, गाडी बंद पडली तर दुसरी बोलावता येते. ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते, पण बेटावर ती चालत नाही. स्वराज द्वीप म्हणजे जुने हॅवलॉक मुख्य शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे, आणि सर्वसाधारण प्रवाशाला ते अंतर कापायला बोट हाच मार्ग आहे. डिसेंबर 2016 मध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याचेच पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झाले. हॅवलॉक आणि नील (आताचे शहीद द्वीप) या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाला जहाजे पाठवावी लागली, आणि खवळलेल्या समुद्रामुळे तीही लगेच धक्क्याला लागू शकली नाहीत. त्यानंतर 12 डिसेंबरला हेच वादळ चेन्नईवर आदळले आणि तिथला विमानतळ बंद पडला. म्हणजे बेटावरून सुटका झाली तरी पुढच्या विमानाची वाट अडलेलीच. लक्षात घ्यावे, की डिसेंबर हा तिथला ऐन हंगाम मानला जातो. हंगाम म्हणजे हवामानाची हमी नव्हे.

सेल्युलर जेलसाठी विमानाआधीचे दोन तास पुरत नाहीत. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखा मधल्या मनोऱ्याभोवती पसरल्या होत्या. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. कोठड्यांची रचना अशी, की एका ओळीच्या दारांसमोर दुसऱ्या ओळीची पाठ यावी आणि कैद्याला समोर दुसरा माणूस दिसू नये. 11 फेब्रुवारी 1979 रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाली. सावरकर इथे 4 जुलै 1911 रोजी आले आणि 1921 पर्यंत राहिले. त्यांची कोठडी वरच्या, तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. तिथे जायचे तर जिने चढावे लागतात, लांब सज्जातून चालावे लागते, आणि वाटेत आजी-आजोबांना दम खायला थांबावे लागते. खाली तेलाचा कोलू आहे, फाशीघर आहे, छायाचित्रांचे दालन आहे. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची ही जागा आहे. तिला अर्धा दिवस द्यावा. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम वेगळा, त्यात आवारातला पिंपळ साक्षीदार होऊन गोष्ट सांगतो. हंगामात त्याची तिकिटे लवकर संपतात आणि जोराचा पाऊस आला तर कार्यक्रमावर पाणी पडते, म्हणूनही तो पहिल्या संध्याकाळी पाहावा. हुकलाच तर पुढची एखादी संध्याकाळ हाती राहते.

तिथे घड्याळ पुण्याचेच चालते, सूर्य मात्र आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे असतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या पुढे मावळतीची वेळ, तर तिथे पाचलाच सूर्य बुडतो. चिडिया टापूचा सूर्यास्त पाहायचा म्हणून जेवून, वामकुक्षी घेऊन साडेचारला निघालेल्या मंडळींना वाटेतच अंधार गाठतो. दुपारी तीनच्या आत शहर सोडावे. उलट, पहाट लवकर होते, त्यामुळे सहाला आवरून निघाले तर दिवसाचे दोन तास वाढतात. शेवटच्या दिवशी कोर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर फेरफटका मारायचा असेल तर तो याच वेळी, न्याहारीच्या आधी मारावा.

पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी मात्र शेवटचा दिवस वर्ज्यच समजावा. स्कूबा करताना दाबाखालची हवा घेतली जाते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात व पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसले, तर केबिनमधला कमी दाब त्याचे बुडबुडे करू शकतो. सांधे दुखणे, हातपाय बधिर होणे, इथपासून अर्धांगापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी: एकदाच साधा डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केले असतील तर किमान 18 तास थांबावे. पूर्ण 24 तास धरले तर मनावर ओझे राहत नाही. ही शिफारस सुमारे 600 मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते, आणि आंबोली त्याहून उंच आहे. म्हणून तारकर्लीला स्कूबा करून त्याच दुपारी घाट चढून पुण्याला निघणाऱ्यांनीही प्रशिक्षकाला आधी विचारलेले बरे. तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत प्रवाळ पाहण्याला हे बंधन नाही.

बाराटांगची चुनखडीची गुहा हा शेवटच्या दिवशीचा आणखी एक मोह. तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरावीक वेळीच, ताफ्याने सोडतात. मध्ये थांबता येत नाही, पुढच्या गाडीला मागे टाकता येत नाही, आणि जारवांचे फोटो काढणे हा गुन्हा आहे. ते त्यांच्या घरात आहेत आणि आपण तिथून जाणारे वाटसरू आहोत, एवढे भान प्रत्येकाने ठेवलेच पाहिजे. जायला मध्यरात्र उलटताच उठावे लागते आणि परतीचा ताफा हुकला तर संध्याकाळ हातची जाते. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान असलेल्यांनीही हा बेत विचार करूनच आखावा.

घाईचा सर्वात मोठा धोका लहान होडीत असतो. 26 जानेवारी 2014 रोजी रॉस बेटाजवळ पर्यटकांनी भरलेली एक होडी बुडाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे तिच्यात होती. सुट्टीचा दिवस, गर्दी, आणि ‘हीच फेरी मिळाली तर जमेल’ अशी निकड असली की माणूस जास्त भरलेल्या होडीत पाय टाकतो. होडीवर किती माणसांची परवानगी आहे हे विचारावे. जॅकेट अंगावर चढवून पट्टे आवळल्याशिवाय बसू नये, आणि मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर ती फेरी सोडून द्यावी. रॉस, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, आठवड्यातून एक दिवस बंद असते. तो दिवस कोणता हे आधी विचारून घ्यावे.

शेवटच्या दिवशी बाजारहाट मात्र बिनधास्त करावा. त्यातही एक पथ्य आहे. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा किंवा मोठा शंख पोरे हौसेने खिशात घालतात. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. विमानतळावरच्या तपासणीत ते सापडले की वस्तू जाते, चौकशी होते आणि विमानाची वेळ टळते. शंख-शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच तर ‘सागरिका’ या सरकारी दुकानातून घ्याव्यात आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवावी. परतीच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे आणि बॅगांचे कोपरे एकदा झटकून घ्यावेत.

अंदमानपुरतेच हे खरे आहे असे नाही. बालीला हल्ली पुण्यातून बरीच मंडळी जातात. तिथे न्येपी नावाचा मौनाचा दिवस पाळतात. तो शक कालगणनेच्या नव्या वर्षाचा दिवस, 2023 साली आपल्या गुढीपाडव्यालाच, 22 मार्चला आला होता. त्या दिवशी रस्ते ओस असतात, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही आणि विमानतळ 24 तास बंद असतो. 2017 च्या नोव्हेंबरात आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळेही तो बंद पडला होता. न्येपीची तारीख पंचांगात आधी सापडते, राखेची सापडत नाही. दोन्हींचा उपाय एकच, परतीला एक दिवस हाताशी असणे.

आता तिकिटांचे. पुणे ते चेन्नई आणि चेन्नई ते अंदमान अशी वेगवेगळी तिकिटे काढली की दोन पैसे वाचतात, पण पहिले विमान रखडून दुसरे चुकले तर भुर्दंड आपल्यालाच बसतो. परतीचा सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावा. तेही जमत नसेल तर मधल्या शहरात रात्रभराचे अंतर ठेवावे. घरी पोहोचल्यावर लगेच दुसऱ्या सकाळी कचेरी, परीक्षा किंवा लग्नकार्य ठेवू नये. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या दोन-तीन दिवस पुरतील इतक्या जास्त न्याव्यात, कारण छोट्या बेटावर नेमके तेच औषध मिळेल याची खात्री नसते. थोडी रोख रक्कमही जवळ असावी.

सहल कंपनीच्या कचेरीत आगाऊ रक्कम भरायला जाल तेव्हा हे प्रश्न विचारा. सेल्युलर जेल कोणत्या दिवशी आहे, आणि त्या दिवशी तो किती वाजेपर्यंत उघडा असतो? स्वराज द्वीपहून परतायची बोट विमानाच्या आदल्या दिवशीची आहे का, सकाळची की दुपारची? शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किती तास आहेत? बोट रद्द झाली तर जादा मुक्कामाचा आणि नव्या तिकिटांचा खर्च कोण करणार? उत्तरे तोंडी घेऊ नका. कार्यक्रमपत्रिकेवर लिहून, सहीशिक्क्यानिशी घ्या. आणि बरोबर घरातले वडीलधारे असतील, तर पैसे मोजण्याआधी त्यांनाही विचारा, की या सगळ्यात त्यांना नक्की काय पाहायचे आहे. ते पहिल्या दिवसावर लिहून घ्या आणि मगच पावती फाडा.