खेळाचा मेनू आणि त्याचा आवाज

भवानी पेठेतील मुलांना लयीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. यंत्रमागाचा ठेका सोलापुरात कानांवर पडतच असतो. संगणकावरील खेळाला ध्वनी देण्याचा पाठ घेताना शिक्षकाने याच परिचयापासून आरंभ करावा.

सोलापुरी चादरीवरील नक्षी जेकार्डवर विणली जाते. जुन्या पद्धतीत भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकामागून एक पुढे येतात आणि ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे ते प्रत्येक कार्ड ठरविते. शेवटचे कार्ड पहिल्यास जोडलेले असल्यामुळे नक्षी पुनःपुन्हा उमटते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती आहे. खेळाचे पार्श्वसंगीतही असेच फिरत राहते. जोड नीट नसेल तर नक्षी तुटते, तशी सुरावटही ठेचकाळते.

पाठासाठी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेली व २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘स्क्रॅच’ ही विनामूल्य आज्ञावली पुरेशी आहे. मेनूवर तीन बटणे असावीत : खेळ सुरू, सूचना, आवाज. बटण दाबताच लहानसा ध्वनी व्हावा आणि एक संदेश प्रसृत व्हावा. त्या संदेशाने पडदा बदलावा व बटणे लपावीत.

मुले अडतात ती येथेच. ध्वनी वाजविण्याच्या आज्ञा दोन आहेत. एक ध्वनी सुरू करून लगेच पुढे जाते. दुसरी ध्वनी संपेपर्यंत थांबते. बटणाला दुसरी दिली, तर ध्वनी संपेतो पडदा बदलत नाही आणि बटण बिघडले असे मूल समजते. उलट, ‘सतत’ या आवर्तनात संगीतासाठी पहिली घातली, तर प्रत्येक फेरीत ध्वनी मुळापासून सुरू होतो, पहिल्या क्षणापलीकडे जातच नाही व नुसता चरचराट ऐकू येतो. शिक्षकाने ही चूक आधी सांगू नये. मुलांना ती करू द्यावी, ऐकू द्यावी आणि कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. तास थोडा गोंगाटाचा होईल, तो होऊ द्यावा.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. संगीत मेनूच्या संदेशाशी जोडले, तर मेनूत परत येताच ते दर वेळी आरंभापासून वाजते. म्हणून संगीताची आज्ञा रंगमंचावर, हिरव्या झेंड्याखाली, एकदाच लिहावी. स्क्रॅचमध्ये रंगमंचाचा व प्रत्येक पात्राचा आवाज स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येतो. तेव्हा ‘आवाज’ बटणाने रंगमंचाचा आवाज शून्यावर आणावा. बटणांचे ध्वनी तसेच राहतील.

सुरावट दुसऱ्याची उचलण्यापेक्षा मुलांनी स्वतः ध्वनिमुद्रित करावी. मागाचे दहा सेकंदांचे आवर्तनही चालेल. त्यातून गणितही साधते : एका रूढ पद्धतीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येकास २ बाइट, म्हणजे दहा सेकंदांस ८,८२,००० बाइट.

वर्गात कमी ऐकू येणारे मूल असू शकते. प्रत्येक ध्वनीबरोबर बटणाचा रंगही बदलावा, अन्यथा बटण दाबले गेले की नाही हे त्यास कळणार नाही.

तपासणीसाठी मुलाने मेनूत पाच वेळा ये-जा करावी व इतरांनी डोळे मिटून ऐकावे. संगीत कोठे तुटले, ते ज्यास प्रथम कळेल त्याने हात वर करावा.