सरासरी आणि सातत्य

चलच्चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी, असा सर्वसाधारण हिशेब असे. हात मंदावला, की पडद्यावरची माणसे धावू लागत. मूकपटात हे खपून जाई. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला, तोवर बोलपटासाठी सेकंदाला २४ चौकटी हा वेग ठरून गेला होता. वेग डळमळला तर आवाज बिघडतो आणि कानाला ते लगेच कळते.

संगणकावरील खेळात चौकटी आधी तयार नसतात. यंत्र त्या ऐन वेळी काढते आणि प्रत्येकीला कमीअधिक वेळ लागतो. येथेच सरासरी फसवते. समजा, येरमाळ्याच्या बसस्थानकावर तासाला सहा गाड्या येतात. सहाही लागोपाठ आल्या आणि मग पाऊण तास एकही आली नाही, तरी सरासरी तीच राहील. प्रवासी मात्र ताटकळेल. तसेच ५९ चौकटी प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत निघाल्या आणि साठाव्या चौकटीने ११५ मिलिसेकंद घेतले, तर सेकंदाला ६० ही सरासरी अगदी बरोबर येते. डोळ्यांना मात्र स्पष्ट हिसका जाणवतो.

म्हणून मोजायचा तो प्रत्येक चौकटीचा वेळ. ‘प्रेझेंटमॉन’सारखी मोफत प्रणाली तो नोंदवून ठेवते. खेळातील एकच प्रसंग तीनदा चालवावा आणि सर्वांत संथ एक टक्का चौकटी, म्हणजे ६००० पैकी ६०, वेगळ्या काढून पाहाव्यात. यंत्राची खरी परीक्षा त्या साठांत असते.

आता उपाय. पाठीमागे चालू असलेले इतर कार्यक्रम बंद करावेत. पंख्यातील धूळ काढावी, कारण तापलेले यंत्र आपला वेग आपणच कमी करते. चित्राचा बारकावा थोडा उतरवावा. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर वेगाला मर्यादा घालावी. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा उजळतो. ४५ चौकटी दिल्या, तर काही एकदा व काही दोनदा दिसतात आणि चाल लंगडते. ३० दिल्या, तर प्रत्येक चौकट नेमकी दोनदा दिसते. चित्रपटगृहातील प्रक्षेपकाची झडपही प्रत्येक चौकट निदान दोनदा दाखवीत असे.

‘नवे यंत्र घ्या’ हा सल्ला सोपा आहे. पण आमच्यासारख्या घरांत त्याची किंमत एखाद्या हंगामाच्या उत्पन्नाएवढी असते. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी मोजमाप करावे. पुष्कळदा यंत्रात बळ कमी नसते, त्याच्या चालीत सातत्य कमी असते. आणि सातत्य बाजारातून विकत आणावे लागत नाही.