खोली बांधावी की माणूस ठेवावा?

प्रश्न : आमच्या आठ-दहा घरांचा मिळून एक छोटा न्यास आहे. घराघरांत म्हाताऱ्या माणसांचा छळ होतो, तो थांबावा म्हणून पैसे खर्च करायचे आहेत. वृद्धाश्रमाला खोली बांधून द्यावी का?
– एक वाचक, माधव नगर, उज्जैन

उत्तर : खोलीची गरज आहेच. पण आजी त्या खोलीत पोचतात, तोवर छळ होऊन गेलेला असतो. तुम्ही ‘थांबावा’ म्हणता, तर पैसा त्याच्या आधी लागायला हवा.

टाटा ट्रस्ट्सने हेच केले. हैदराबादेत त्यांनी ज्येष्ठांसाठी फोनसेवा उभी केली, ती चालते हे दिसले, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने तीच ‘एल्डर लाइन’ म्हणून देशभर नेली. क्रमांक १४५६७.

फोन आहे, पण तो करायचा कोणी? पेन्शनचे एटीएम कार्ड मुलाच्या खिशात, औषध संपून आठवडा झालेला, घरात कोणी बोलत नाही, तरी आजी म्हणतात, “आमचं बरं चाललंय.” पोटच्या मुलाची तक्रार जिभेवर येत नाही. म्हणून दर आठवड्याला घरी जाणारी, आजींशी एकांतात बोलू शकणारी एक जाणती बाई पगारावर ठेवा. पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत. माझ्या मते सगळे इथेच अडते.

२००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्यांना स्वतः जमत नाही, त्यांनी अधिकार दिल्यास नोंदणीकृत संस्थाही त्यांच्या वतीने तो करू शकते. तुमचा न्यास नोंदलेला असेल, तर वकिलाला विचारून हे काम अंगावर घ्या. रिक्षाचे भाडे, कागदांच्या नकला, सोबतीला एक माणूस, एवढ्यासाठीही अर्ज राहून जातात.

घर मुलाच्या नावे करण्याआधीचा सल्ला तर फुकट मिळायलाच हवा. बक्षीसपत्रात ‘सांभाळ करीन’ ही अट असेल आणि ती मोडली, तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकते. छतरपूरच्या एका आईला सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी असेच घर परत मिळवून दिले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात ती हरली होती. सहीच्या दिवशी वकिलाला दिलेले थोडे पैसे पुढची ही वणवण वाचवतात.

आणखी एक खर्च सुचवावासा वाटतो, ऐकायला विचित्र वाटला तरी. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे वर्षानुवर्षे एकटीने करणारी सून कधी हात उगारते. त्याला क्षमा नाही. पण दुपारचे चार तास मदतनीस आली, तर तो हात उगारायची वेळ पुष्कळदा टळते. त्या मदतनिसाचा पगार तुमच्या न्यासाला झेपेल. सुरुवात दोन घरांपासून करा, आणि त्या सुनेलाच विचारा की कोणते चार तास हवेत.