कोटीचा हिशेब

मुलांनो, आमच्या घरी लंबकाचे एक घड्याळ होते. अब्बा दररोज आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीच्या 'पिप् पिप्' आवाजाशी ते ताडून पाहत. परंतु रोज काटे फिरवत नसत. आठवडाभरात घड्याळ किती पुढे गेले ते पाहत आणि लंबकाची चकती किंचित खाली सरकवत. मग घड्याळाची चालच सुधारे.

हीच युक्ती वापरून तुम्हांला घरी एक फार अचूक यंत्र तयार करता येईल. त्याला वारंवारता-मानक म्हणतात. त्यात लंबकाऐवजी क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला एक कोटी वेळा कंप पावतो. तापमान बदलले की त्याची चाल बिघडते. म्हणून तो छोट्या विद्युत भट्टीत ठेवलेला असतो. जुन्या दूरसंचार यंत्रांतून काढलेले असे स्फटिक मिळतात. सुरुवातीला तेच घ्यावेत, नवे महाग असतात.

'पिप् पिप्'ची जागा जी.पी.एस. उपग्रह घेतात. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांत अणुघड्याळे असतात. त्यांचे संदेश ऐकून छोटे ग्राहकयंत्र दर सेकंदाला विजेचा एक ठोका देते. दोन ठोक्यांमधील कंप मोजायचे. ते कोटीपेक्षा जास्त भरले, तर स्फटिकाला दिलेला विद्युतदाब किंचित बदलून त्याची चाल कमी करायची.

माझी पहिली चूक येथेच झाली. मी दर सेकंदाला दुरुस्ती करू लागलो. ॲन्टेनाही खिडकीत ठेवला होता. तेथून आकाश अर्धेच दिसे. यंत्राची चाल सुधारण्याऐवजी बिघडली. मी उगाच स्फटिकाला दोष दिला! खरे म्हणजे ग्राहकयंत्राचे ठोके स्वतःच थोडे मागेपुढे होतात. शिवाय एका सेकंदाच्या मोजणीत एका कंपाची चूक होतेच, म्हणजे कोटीत एक. हजार सेकंद मोजले तरी चूक एकाच कंपाची राहते. पण आता ती हजार कोटींत एक असते!

मग मी ॲन्टेना गच्चीवर नेला. भट्टी रात्रभर तापू दिली. सकाळी हजार सेकंद मोजले. आकडा आला, हजार कोटी आणि तीन. विद्युतदाबाचा स्क्रू केसभर फिरवला आणि पुन्हा सतरा मिनिटे वाट पाहत बसलो.