चला, गोष्ट लिहूया



गटाचं इतिवृत्त लिहिताना जे घडलं तेवढंच लिहायचं असतं. गोष्टीत मात्र जे घडू शकतं तेही लिहिता येतं. स्वतःच्या नावावर जे बोलता येत नाही, ते गोष्टीतली बाई बोलून जाते. म्हणून या पाठात गोष्ट कशी रचायची ते शिकू. चिऊ-काऊची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तीच समोर ठेवू.

१. पात्रं : चिऊ आणि काऊ, दोघंच. पहिल्या गोष्टीला दोन-तीन पात्रं पुरेत. पण प्रत्येकाला काहीतरी हवं असलं पाहिजे. काऊला आसरा हवाय, चिऊला आपलं घर जपायचंय.

२. जागा : काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. हे सुरुवातीलाच सांगितलंय, म्हणून पुढे काऊचं घर वाहून गेलं की पटतं. पुढे जे लागणार, त्याची खूण आधी ठेवा.

३. अडचण : पाऊसच आला नसता तर गोष्ट कसली?

४. ताण : काऊ दार वाजवतो, चिऊ दर वेळी बाळाचं नवं काम सांगते. दार लगेच उघडलं असतं तर पोरं ऐकत बसली नसती.

५. शेवट : तो पात्राच्या निर्णयातून यावा. अचानक कुणी पैसे आणून दिले, असा शेवट कुणाला पटत नाही.

आता आपली गोष्ट घेऊ. समजा, कमल नावाची बाई आहे. उद्या बैठक. हप्त्याचे ५०० रुपये तिने डाळीच्या डब्यात ठेवले होते, ते नाहीत. "कमल घाबरली" एवढंच लिहिलं तर वाचणारीला काही दिसत नाही. असं लिहून बघा :

कमलने डबा परातीत उपडा केला. डाळीतून हात फिरवला. डाळ परत भरली, झाकण लावलं, आणि पुन्हा उघडून बघितलं.

"डब्यातलं पैसं कुठं गेलं?"

"कसलं पैसं? आधी जेवायला वाढ."

भीती हा शब्द कुठेच नाही, तरी ती दिसते. नवऱ्याच्या एका वाक्यात घर कळतं. बोलणं असं आपल्या बोलीतच लिहा.

आता कमल काय करेल? बैठकीत खरं सांगेल, शेजारणीकडून उसने घेईल, की बैठकच चुकवेल? खरी गोष्ट इथं सुरू होते.

एक मात्र जपा. गावातल्या बाईची हकिकत नुसतं नाव बदलून लिहू नका. गाव लहान असतं, लोक लगेच ओळखतात आणि त्रास तिलाच होतो. घर, धंदा, मुलंबाळं सगळं बदला. दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र करा. तरीही ती ओळखू येत असेल, तर ती गोष्ट बाजूला ठेवा.

या महिन्याचा स्वाध्याय : कमलची गोष्ट १५ ओळींत पुरी करा. जिला लिहिता येत नाही तिने सांगावी, दुसरीने तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की वाचा. मध्येच थांबल्यावर कुणी "मग पुढं काय झालं?" विचारलं, की समजा गोष्ट जमली.