एका पॅकेजचे अनेक मालक

पपेट या कॉन्फिगरेशन सांभाळणाऱ्या साधनावर चालणारे सर्व्हर आमच्या टीमकडे आले तेव्हा त्यांच्या पपेट कोडमध्ये ‘कॉमन’ नावाचं एक मॉड्यूल होतं. युजर, एसएसएच, एनटीपी, लॉग रोटेशन, बॅकअपची स्क्रिप्ट, ज्याला कुठे जागा सापडली नाही ते सगळं त्यात. शेजारी ‘वेब’, ‘डेटाबेस’, ‘मॉनिटरिंग’ ही मॉड्यूल्स. कर्ल सगळ्यांनाच लागतं, म्हणून प्रत्येकाने ते पॅकेज आपापल्या घरी जाहीर केलेलं.

ही मॉड्यूल्स वेगवेगळ्या मशीनवर होती तोवर निभावलं. मग एका डेटाबेस सर्व्हरला मॉनिटरिंग जोडलं गेलं. आता कर्ल एकाच मशीनवर दोनदा जाहीर झालं. पपेटच्या एका कॅटलॉगमध्ये, म्हणजे एका मशीनवर काय काय असावं याच्या यादीत, एक रिसोर्स एकदाच जाहीर करता येतो. दुसऱ्यांदा आला की ‘डुप्लिकेट डिक्लरेशन’ म्हणत पपेटचा मुख्य सर्व्हर कॅटलॉग बनवायलाच नकार देतो. एरर आली म्हणजे लगेच कळेल, असं वाटतं ना? नाही कळत. नवा कॅटलॉग मिळाला नाही तर मशीनवरचा पपेट एजंट साठवून ठेवलेला जुना काढतो आणि तोच लागू करतो. डीफॉल्टच तसं आहे. सर्व्हर चालू, सर्व्हिस चालू, लॉगमध्ये एक लाल ओळ.

उघडकीस आलं ते एका एसएसएच कीमुळे. नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याची की सगळीकडून काढली होती, या मशीनवर ती तशीच. कुणीतरी हाताने पुसली. एजंट दर अर्ध्या तासाने चालतो. पुढच्या फेरीत ती परत हजर! जुना कॅटलॉग इमानेइतबारे आपलं काम करत होता. पपेटच्या रिपोर्टमध्ये ‘कॅश्ड कॅटलॉग स्टेटस’ अशी नोंद असते. तिथे ‘ऑन फेल्युअर’ दिसलं की अलर्ट वाजलाच पाहिजे, हे आधी लावून घ्या. मॉड्यूल्सची आवराआवर त्यानंतर.

आवरायची कशी, यावर क्रेग डन यांनी २०१२ मध्ये मांडलेली रोल आणि प्रोफाइलची पद्धत मला अजून पटते. तळाच्या मॉड्यूलने एकच सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि आपल्या कंपनीबद्दल त्याला काहीही ठाऊक नसावं. ते उद्या परक्या माणसाला दिलं तर त्यातली एक ओळही बदलावी लागू नये. आपल्याकडे एनजिनएक्स कसं चालतं, कोणती सर्टिफिकेट्स, कोणते पोर्ट, ही जुळणी प्रोफाइलमध्ये. पत्ते आणि आकडे हायरात, म्हणजे पपेटच्या वेगळ्या डेटा-फाइल्समध्ये. रोलमध्ये फक्त प्रोफाइल्सची नावं, आणि एका मशीनला एकच रोल. सर्व्हर दहा-बाराच असतील तर रोल नसले तरी मी हरकत घेणार नाही, पण प्रोफाइलचा थर गाळू नका. तो गाळला की तेच सगळं पुन्हा ‘कॉमन’मध्ये साचतं.

आणि कर्लचं काय? त्याचा एक छोटा क्लास करा आणि ज्याला हवं त्याने तो ‘इन्क्लूड’ करावा. इन्क्लूड कितीही वेळा केलं तरी तक्रार येत नाही. पॅरामीटर देऊन रिसोर्ससारखा जाहीर केलात तर मात्र दुसऱ्या वेळी तीच एरर.

मॉड्यूल्स ठेवायची कुठे, हेही ठरवा. पपेट फोर्जवरून आणलेली तयार मॉड्यूल्स एका डिरेक्टरीत, आपली दुसऱ्या. मॉड्यूल्स आणण्यासाठी आर-टेन-के वापरत असाल तर हे सक्तीचंच समजा: पपेटफाइल या मॉड्यूल्सच्या यादीत ज्याचं नाव नाही ते तो आपल्या डिरेक्टरीतून झाडून टाकतो. फोर्जच्या मॉड्यूलमध्ये हाताने केलेली दुरुस्तीही व्हर्जन वाढवली की गेली. दुरुस्ती हवीच असेल तर फोर्क करा आणि पपेटफाइलमध्ये त्याचा पत्ता द्या. व्हर्जनचा आकडा तर लिहाच.

‘कॉमन’ फोडताना एका वेळी एकच विषय बाहेर काढा. एनटीपीपासून सुरुवात बरी, त्यात गुंते कमी. प्रत्येक बदलानंतर नो-ऑप, म्हणजे काहीही न बदलता काय बदललं असतं ते फक्त दाखवणारी फेरी, चालवून पाहा. कोड फक्त इकडून तिकडे गेला असेल तर नो-ऑपने एकही बदल दाखवता कामा नये. नो-ऑप चालवताना ‘टेस्ट’ पर्याय जोडायला विसरू नका, कारण तो जुन्या कॅटलॉगचा आधार बंद करतो. तो नसेल तर कॅटलॉग बनला नसतानाही नो-ऑप जुन्यावरच चालेल आणि ‘काही बदल नाही’ असं सांगून मोकळा होईल.