एकाच पदाचा पेशा

महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे ठरवलेल्या हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याच्या, कळमनुरी-वसमतच्या मुलामुलींनी अभ्यासक्रमाची चौकशी करण्याआधी पदांचा हिशोब मांडावा. एकेका विषयाला दोन-तीन प्राध्यापक असतात, ग्रंथपाल मात्र बहुतेक ठिकाणी साऱ्या महाविद्यालयाला एकच. तो निवृत्त होईपर्यंत जागा निघत नाही. निघाली तरी शासनाची परवानगी, बिंदुनामावलीची तपासणी, विद्यापीठाची मान्यता हे सगळे पार पडून जाहिरात यायला फार काळ जातो. तासिका तत्त्वाचा जो तुटपुंजा आधार नेट-सेट झालेल्या इतर मुलांना मिळतो, तोही इथे सहसा नाही, कारण ग्रंथपालाला शिकवण्याचे तास नसतात. मी या पेशाकडे बघत आलो त्यावरून माझे म्हणणे एवढेच आहे की, आयुष्याची आखणी या एका पदाभोवती करू नका, ग्रंथालयाच्या कामाभोवती करा.

पात्रतेचे नियम स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, शिवाय नेट किंवा सेट, नियमाप्रमाणे पीएच.डी. झालेल्यांना या परीक्षेतून सूट आहे. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचे मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकेच, ५७,७०० रुपये. हा आकडा पाहूनच अनेक घरांतून बी.लिब., एम.लिब.चे शुल्क भरले जाते. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात हे खरे. पण हे पात्र उमेदवार दर परीक्षेला वाढत जातात आणि जागा तेवढ्या वाढत नाहीत. म्हणून मूळ पदवी कोणत्या विषयाची आहे, याला मी फार महत्त्व देतो. कृषी, विज्ञान, कायदा यांचा पाया असलेल्याला परभणीचे कृषी विद्यापीठ, वैद्यकीय आणि विधी महाविद्यालये, संशोधन संस्था इथल्या ग्रंथालयांतही अर्ज करताना बळ मिळते, कारण वाचक काय मागतो आहे ते त्याला कळते.

पद एकच असण्याचा दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. नव्या प्राध्यापकाला विभागातले ज्येष्ठ सांभाळून घेतात. ग्रंथपाल पहिल्या दिवसापासून विभागप्रमुख असतो. पुस्तकखरेदी, दाखल नोंदवही, साठा पडताळणी, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन, नॅकच्या अहवालातला ग्रंथालयाचा भाग, इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ई-साहित्याच्या योजनेत विद्यार्थ्यांची नोंदणी, हे सारे त्याच्या एकट्याच्या सहीने चालते आणि चूक दाखवणारा शेजारी कोणी नसतो. एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयाचे शिक्षण त्यांनी नेमणुकीनंतर लंडनला जाऊन घेतले आणि तिथली अनेक ग्रंथालये फिरून पाहिली. आज नेमणुकीनंतर अशी सवड कोणी देत नाही. शिकायचे ते आधीच शिकून घ्यावे लागते.

‘खेड्यात राहून हे शिकायचे कुठे?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण वाटतो तितका अवघड नाही. कोहा ही ग्रंथालय संगणकप्रणाली मोफत आहे आणि साध्या संगणकावर बसवता येते. गावाजवळचे एखादे क किंवा ड वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय निवडावे आणि तिथल्या मराठी पुस्तकांची तालिका युनिकोडमध्ये करून पाहावी. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये ठेवणे सोपे. एकाच लेखकाचे नाव कुठे आडनावाने, कुठे टोपणनावाने आले असेल तर त्याच्या नोंदी एकत्र कशा आणायच्या, हे हात घातल्याशिवाय कळत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. तिथे रीतसर परवानगी घेऊन महिनाभर काम पाहिले तरी पुस्तकातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

‘फुकट किती दिवस राबायचे?’ हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सार्वजनिक ग्रंथालयांतले मानधन इतके अल्प आहे की त्यावर घर चालत नाही. म्हणून अशा कामाला मुदत घालावी, कामाचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याच काळात सहायक ग्रंथपाल, शाळेतला ग्रंथपाल, पुण्या-मुंबईतल्या खासगी संस्था, जुन्या ग्रंथांच्या डिजिटायझेशनची कामे, सगळीकडे अर्ज करावेत. पदासाठी पैसे मोजायला मात्र ठाम नकार द्यावा. हळदीचे किंवा केळीचे पीक विकून, प्रसंगी वावर विकून दिलेल्या पैशांची पावती नसते, आणि पुढे वेतनाला मान्यता मिळाली नाही तर दाद मागायलाही जागा उरत नाही.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर ग्रंथपाल हवा कशाला?’ असेही ऐकू येते. ही साधने अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भ बिनदिक्कत देतात. ते तपासणारा माणूस लागतोच. शिवाय अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी प्रबंधातले १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे, त्यापुढे दंडाची पायरी सुरू होते. साम्याची ही तपासणी अनेक विद्यापीठांत ग्रंथालयातूनच होते आणि प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवण्याचे कामही बहुधा तिथेच येते. ज्याला हे जमते त्याच्याकडे प्राध्यापक स्वतःहून येतात.

पद मिळाल्यावर पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, नसेल तर ६ वर्षे लागतात. शिवाय २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि ग्रंथालय संगणकीकरणावरची किमान ५ दिवसांची कार्यशाळा. पीएच.डी. करणारच असाल तर अमुक महाविद्यालयांतल्या वाचकांचे समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा विषय सोडा. मराठवाड्यातल्या जुन्या नियतकालिकांची सूची, हिंगोली जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास, हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या मराठी छापील साहित्याचा शोध, यांपैकी एखादा विषय घ्या. तो प्रबंध तुमच्यानंतरही कोणीतरी उघडून वाचेल.